मंजुळाताई आणि इंजिनचं पान

मंजुळाताई सगळ्यांना ‘तू’ म्हणत. कचेरीतल्या साहेबाला, शाळेच्या हेडमास्तरांना, दुकानाचं शटर जाहिरातीसाठी रंगवू द्या म्हणून आलेल्या कंपनीच्या माणसाला, देवाला आणि मोटारीलाही. मोखाड्याच्या पाड्यांवर याचं कुणाला नवल वाटत नाही. तिथल्या बोलीत ‘अहो’ला फारशी जागाच नाही. पण मंजुळाताई जव्हारच्या बाजारपेठेत राहत होत्या, गिऱ्हाइकांशी बाजारातलीच मराठी बोलत होत्या आणि तरी आपल्या गावाहून, पोशेऱ्याहून आणलेला तो ‘तू’ त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. शिवाय माणसांची नावं लक्षात ठेवायचा त्यांना कंटाळा. ज्याचं जे काम, ती त्याची हाक. मी आरोग्य सेवक, म्हणून मी ‘दवाखाना’.

“ए दवाखाना, जेवलास का?” ही हाक मी कित्येक वर्षं रोज ऐकली. माझी नोकरी मोखाडा तालुक्यात, बिऱ्हाड जव्हारला, आणि बिऱ्हाडाच्या बरोबर खाली त्यांचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं दुकान. पाण्याचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, पंखे, मिक्सर, जळलेलं काहीही तिथं येई. व्हार्निशचा वास जिन्यावरून वर येऊन आमच्या आमटीत उतरायचा. सुरुवातीला माझी बायको कुरकुरली. पुढं गावी गेलो की तीच म्हणायची, इथल्या आमटीला काहीतरी कमी आहे.

ताई पन्नाशीच्या असतील. साडीवर पुरुषी फुल शर्ट, बाह्या दुमडलेल्या. अंबाड्यात आकड्याऐवजी टेस्टर खोचलेला. चष्म्याची दांडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. तीही इतकी नीट, एकाशेजारी एक वेढे घालून, की कंपनीतूनच तशी आली असावी. तरुणपणी कामाच्या शोधात त्या वसईला गेल्या आणि पंख्यांच्या कारखान्यात कॉइल भरायला लागल्या. तिथंच हात बसला. लग्नही तिथंच झालं. पुढं नवरा वसईला राहिला आणि त्या परत आल्या. यापलीकडं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

कारखान्यातून त्यांनी एक हिंदी वाक्य मात्र बरोबर आणलं होतं. तिथला सुपरवायझर म्हणायचा म्हणे, “पहले देखो, फिर बोलो.” गिऱ्हाईक दुकानात आलं आणि “ताई, बेअरिंग गेलंय” असं निदान करू लागलं की त्या हात वर करून त्याला थांबवत. “पहले देखो, फिर बोलो.” मग मोटार उघडत. बहुतेक वेळा बेअरिंगच गेलेलं असे. पण उघडून बघितल्याशिवाय त्या ‘हो’ म्हणत नसत.

विनय वगैरे त्यांच्या अंगी नव्हता. “माझ्यासारखं वाइंडिंग नाशिकपर्यंत कोणी भरीत नाय,” हे त्या कुणी न विचारता सांगत. पण एकदा एका गिरणीवाल्याची मोटार त्यांच्याच टेबलावर धूर काढून बसली, तेव्हा तो यायच्या आधी त्या स्वतः त्याच्याकडं गेल्या. “जळली. माझ्या हातून जळली. दुसऱ्यांदा भरते, तू दळण दुसरीकडं पाठव.” एवढं सांगून परत. चेहऱ्यावर ओशाळलेपण नाही की काही नाही. चूक हीसुद्धा त्यांच्या दृष्टीनं बघून सांगायची एक गोष्ट होती.

त्यांचा खरा हट्ट मी पहिल्यांदा पाहिला तो सूर्यमाळच्या बाजूला. ऐन उन्हाळा. एका पाड्याला खालच्या विहिरीवरून पाणी चढवणारा पंप जळला होता आणि बाया पुन्हा डोक्यावर हंडे घेऊन दरी चढत होत्या. माझी तिथं लसीकरणाची फेरी होती, म्हणून एकाच जीपनं आम्ही गेलो. ताईंनी मोटार विहिरीपाशीच झाडाखाली बसून भरली. बटण दाबलं, मोटार सुरू झाली, माणसांनी टाळ्या वाजवल्या. जीपवाला हॉर्न देऊ लागला. ताई मात्र जीपकडं न येता डोंगर चढायला लागल्या.

“ताई, फिरतेय की मोटार!” मी ओरडलो.

“मोटार फिरतेय. पाणी कुठं हाय?”

त्या वर पाड्यावर गेल्या, टाकीशी उभ्या राहिल्या. टाकीत थेंब नव्हता. वाटेत एका ठिकाणी पाइपाचा सांधा निसटला होता आणि सगळं पाणी खडकात चाललं होतं. सांधा बसवून घेतला, पुन्हा वर गेल्या, टाकीत धार पडलेली बघितली, त्या धारेखाली हात धरला, आणि मगच खाली आल्या. जीपवाला चिडून निघून गेला होता. आम्ही दोघं मुख्य रस्त्यापर्यंत चालत आलो. वाटेत त्या एवढंच बोलल्या, “त्या बायांना काय मोटारीचा आवाज प्यायचा होता?”

आता होडीची गोष्ट सांगायची, तर आधीचं थोडं सांगावं लागेल.

माझ्या उपकेंद्राच्या हद्दीत धरणाचं पाणी आहे. फुगवट्याच्या पलीकडं काही पाडे आहेत. उन्हाळ्यात तिथं वळसा घालून पायवाटेनं जाता येतं, पण पावसाळ्यात ओढे भरले की वाट बंद, आणि मग होडी हाच रस्ता. एका सामाजिक संस्थेनं तिथं डिझेल इंजिनाची फायबरची होडी दिली होती. ती चालवायचा काशिनाथ. हा तिथलाच, पण बरीच वर्षं डहाणूकडं मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून काढलेला. त्यामुळं पाण्यावर अगदी घरच्यासारखा. होडीच्या इंजिनाला जुन्या काट्यांची घड्याळं होती: एक तापमानाचं, एक तेलाच्या दाबाचं, एक इंजिनाच्या फेऱ्यांचं. ती कधीच मेलेली. काशिनाथ कानानं इंजिन चालवायचा आणि ते चालतही होतं.

एका पावसाळ्यात भर दुपारी पलीकडून एका गरोदर बाईला आणत होतो. पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या, बरोबर तिची सासू. होडीत मी होतो. पाण्याच्या मध्यावर इंजिनातून वाफ आली आणि ते बंद पडलं. इंजिन गार करायला धरणातलं पाणी आत ओढतात, त्या तोंडाशी गवत अडकलं होतं. पाणी मिळेना म्हणून इंजिन तापत गेलं, आणि तापतंय हे सांगणारा काटा मेलेला. वाऱ्यानं होडी भलतीकडं नेली. बसायच्या फळ्या काढून आम्ही वल्हवलं. काठाला लागेपर्यंत फार उशीर झाला. बाई वाचली. मूल हाती लागलं नाही.

काशिनाथनं त्यानंतर काही दिवस होडीला हात लावला नाही.

हे मी ताईंना सांगितलं होतं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. फक्त विचारलं, “काटा मेला होता हे माहीत होतं?”

“सगळ्यांना.”

“हं,” त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ तार गुंडाळत राहिल्या.

संस्थेनं इंजिन दुरुस्त करून घेतलं आणि ठरवलं की घड्याळं चालू झाल्याशिवाय होडीत माणूस बसवायचा नाही. जुनी घड्याळं आता मिळत नव्हती. त्यांच्या जागी मुंबईहून नवा डिस्प्ले आला, मोठ्या बोटींवर असतो तसला रंगीत पडद्याचा. मुंबईचा फिटर येऊन तो बसवून गेला. बोट फिरवलं की पान बदलायचं: एका पानावर नकाशा, एकावर पाण्याची खोली आणि एक पान इंजिनचं. पहिली दोन पानं छान दिसत होती. इंजिनच्या पानावर प्रत्येक आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. फिटर म्हणाला, इंजिन जुन्या पद्धतीचं आहे, त्याची भाषा या पडद्याला कळत नाही; मध्ये एक कन्व्हर्टर लागेल, पाठवतो. कन्व्हर्टर पार्सलनं आला. फिटर मात्र समुद्रावरच्या कुठल्याशा कामावर निघून गेला.

पावसाळा तोंडावर आलेला. संस्थेचे सावंत साहेब मोखाडा, जव्हार पालथं घालून दमले. ट्रॅक्टरवाला म्हणाला, पडद्याचं काम आपलं नाही. टीव्हीवाला म्हणाला, इंजिनाचं काम आपलं नाही. शेवटी मी त्यांना ताईंच्या दुकानात आणलं.

सावंतांनी बोलायला सुरुवात केली तेवढ्यात ताईंनी हात वर केला. “वायर हाय ना त्यात?”

“आहे ना. वायरच वायर आहे.”

“मग येते.” नंतर थोडं थांबून माझ्याकडं बघत, “होडी काठालाच असते ना रे?”

तेव्हा मला कळलं की या बाईला पाण्याची भीती आहे. लहानपणी पोशेऱ्याला ओढ्याच्या लोंढ्यात त्या शेळीसकट वाहून चालल्या होत्या. एका झाडाच्या मुळीनं त्यांना वाचवलं, शेळी गेली. तेव्हापासून गुडघाभर पाण्यातही त्या उतरल्या नव्हत्या.

पहिल्या दिवशी त्यांनी काशिनाथला होडी दोन दोरांनी बांधायला लावली. मग तिसरा दोर बांधायला लावला. “होडी, तू त्या टोकाला बस. हलायचं नाय.” काशिनाथ बसला. फळीवरून होडीत पाय टाकताना त्यांनी माझा दंड इतका आवळला की वळ उठला. एकदा इंजिनाशी बसल्या आणि झाकण उघडलं, की मात्र पाणी विसरल्या.

त्यांना बोटीतलं काही येत नव्हतं, हे त्यांनी पहिल्याच फोनवर सांगून टाकलं. डिस्प्ले विकणाऱ्यांकडं तांत्रिक मदतीला पूर्वा नावाची एक इंजिनिअर मुलगी होती. फोन स्पीकरवर टाकून ताई म्हणाल्या, “हे बघ मुंबई, मला मोटार भरता येते, मिटर धरता येतो. तुझा हा डबा मी जन्मात पाहिला नाय. तू सांग, मी बघते.”

पलीकडून मग हसू. “चालेल मावशी. घाई करू नका. डब्यावर काय काय लिहिलंय ते आधी वाचून दाखवा.”

त्या दोघींचं जे जमलं, ते शेवटपर्यंत. पूर्वा कामातून वेळ काढून फोन करी. तिनं समजावून दिलं की होडीभर एक मुख्य केबल जाते, तिला जागोजागी जोड देऊन डिस्प्ले, कन्व्हर्टर सगळे लावायचे; प्रत्येकानं आपली माहिती त्या केबलवर टाकायची आणि ज्याला हवी त्यानं उचलायची. ताईंना हे फार पटलं. “म्हणजे पाड्याच्या पारावर बसल्यासारखं. जो तो आपलं बोलतो, ज्याला ऐकायचं तो ऐकतो.”

“अगदी तसंच. फक्त पाराच्या दोन्ही टोकांना एकेक टोपण लागतं, नाहीतर आवाज घुमतो आणि कुणाचंच कळत नाही.”

कन्व्हर्टर जोडला, तर आकडे एक क्षण दिसत आणि पुन्हा रेघा. दिसत, रेघा. दोन दिवस हाच खेळ. सगळे सांधे सोडून परत जोडले. तिसऱ्या दिवशी पूर्वानं मिटर लावून केबलचा रोध, म्हणजे रेझिस्टन्स, मोजायला सांगितला. आकडा हवा होता त्याच्या दुप्पट आला.

“मावशी, एकच टोपण लागलंय. दुसऱ्या टोकाचं कुठं आहे?”

दुसऱ्या टोकाला टोपण नव्हतंच. फिटरनं लावायचं राहून गेलं असणार. ताईंनी डिस्प्लेचा रिकामा खोका मागवला. तो काशिनाथच्या घरी होता. त्याच्या बायकोनं त्यात कोंबडी उबवायला बसवली होती. कोंबडीला उचलून, पेंढा बाजूला सारून, थर्माकोलच्या एका खाचेत ते बोटाएवढं टोपण सापडलं. ते बसवलं, आणि इंजिनच्या पानावर आकडे येऊन ठाण मांडून बसले.

काशिनाथनं आनंदानं हातावर हात मारला. सावंतही होते. म्हणाले, “झालं! उद्यापासून फेऱ्या सुरू करू.”

ताई पडद्याकडं बघत होत्या. “इंजिन बंद हाय ना?”

“हो.”

“मग तेलाचा दाब कशाचा दाखवतोय?”

इंजिन बंद असताना दाब पूर्ण दिसत होता. काशिनाथनं इंजिन चालू केलं, दाब शून्याकडं घसरला. सगळं उलटं. पूर्वाला फोन लावला. ती म्हणाली, असं होतं. सेन्सर दोन जातींचे असतात, एकात दाब वाढला की रोध वाढतो, दुसऱ्यात कमी होतो. कन्व्हर्टरच्या झाकणाखाली बारीक कळा होत्या, त्यांतली एक सरकवली. दाब सुलटा झाला. फेऱ्यांचा आकडा ताईंनी स्वतःच ताडून घेतला. मोटारीच्या फेऱ्या मोजायचं हातातलं यंत्र त्यांच्या पिशवीत असेच. राहिलं तापमान. गार इंजिनाला तो पडदा हवेइतकं तापमान दाखवत होता. इंजिन चालू केल्यावर आकडा हळूहळू चढला, पन्नाशीच्या वर जाऊन थांबला. बघणाऱ्याला खोट काढता येणार नाही असा शहाणा आकडा.

“आता तरी झालं?” सावंतांनी विचारलं.

“हा आकडा खरा कशावरून?”

“ताई, बरोबरच दिसतोय की. गार असताना गार, गरम झाल्यावर गरम.”

“दाबाचा आकडा चुकला ते दिसलं, कारण तो उलटा होता. हा सरळ चुकला असला तं कोणाला दिसणार?”

सावंत वाईट माणूस नव्हते. त्यांच्याकडं घाई करायला कारण होतं आणि ते मलाही माहीत होतं. पलीकडच्या पाड्यांवर तीन बायांचे दिवस भरत आले होते. मीच त्यांना तसं सांगितलं होतं. ते जरा चढ्या आवाजात म्हणाले, “अहो, पाऊस कधीही लागेल. वाट बंद झाली आणि होडी काठाला बांधलेली असली, तर त्या बायांनी काय करायचं? तुम्ही अजून किती दिवस तपासत बसणार?”

“सायेब, त्याच बायांसाठी म्हणते,” ताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “काटा मेलेला होता तेव्हा होडीला माहीत होतं की काटा मेलाय. तो कान देऊन तरी चालवायचा. आता हा पडदा साठ दाखवेल आणि तो कान देणार नाय. मेल्या काट्यापेक्षा हा वाईट.”

काशिनाथ म्हणाला, “ताई म्हणते तसं करू. मी वाट बघीन.”

सावंतांनी मान हलवली. “उद्या दुपारपर्यंत,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या त्या दुकानातलं लांब वायरचं भेंडोळं आणि घरातलं चहाचं पातेलं घेऊन. काठावर तीन दगडांची चूल मांडली. इंजिनातला तापमानाचा सेन्सर पान्यानं खोलून काढला, भोकात बोळा घातला. सेन्सरला लांब वायर जोडून काठापर्यंत आणली. त्याच्या अंगाला दुसरी वायर बांधून ती इंजिनाच्या धडाला लावली, कारण एरवी तो इंजिनात घट्ट बसलेला असतो तेव्हा ती जोडणी आपोआप होते. मग पातेल्यात पाणी उकळत ठेवलं. हे काम काठावरून होतंय याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. “मला पाण्यात नाय बसायचं. ह्यालाच बसू दे,” म्हणाल्या आणि सेन्सरचं टोक पातेल्यात सोडलं.

पाण्याला खळखळून उकळी आली. “होडी, आकडा सांग.”

होडीतून काशिनाथचा आवाज आला, “बाहत्तर.”

चुलीवरच्या पाण्याचे बुडबुडे सगळ्यांना दिसत होते. सावंत पातेल्याजवळ येऊन वाकले, मग होडीत जाऊन त्यांनी स्वतः पडदा पाहिला. बाहत्तर. इंजिन उकळीला आलं असतं आणि हा पडदा बाहत्तर दाखवत शांत बसला असता.

“बरं झालं थांबलो,” ते परत येऊन म्हणाले. “फोन मी लावतो पूर्वाला.”

तापमानाच्या सेन्सरमध्येही दोन प्रकार असतात, दोन्ही गरम झाल्यावर एकाच दिशेनं जातात पण एकसारखे नाही, म्हणून फसायला होतं, असं तिनं सांगितलं. आणखी एक कळ सरकवायला लावली. उकळी चालूच होती. काशिनाथनं आकडा वाचला: अठ्ठ्याण्णव. आणि त्याबरोबर होडीतला भोंगा कर्कश वाजायला लागला, कारण पंच्याण्णवला इशारा द्यायचं पूर्वानं आधीच लावून ठेवायला सांगितलं होतं. काठावर धुणं धुणाऱ्या बाया दचकून उठल्या. ताईंनी सेन्सर पातेल्यातून काढला, भोंगा थांबला. पुन्हा बुडवला, वाजला. असं चार-पाच वेळा केलं. नंतरचं मला वाटतं त्यांनी नुसतं मजेखातर केलं.

मला वाटलं, आता संपलं. सेन्सर परत बसवला, वायरी आवळल्या. ताईंनी पातेलं पिशवीत भरलं, पदर खोचला आणि काशिनाथला म्हणाल्या, “दोर सोड.”

“कशाला?”

“चुलीवर पाहिलं. पाण्यावर नाय पाहिलं.”

“ताई, तू येणार?”

“मी नाय आले तं बघणार कोण?”

त्या बसल्या, फळी दोन्ही हातांनी धरून, डोळे पडद्यावर. होडी निघाली तसा त्यांचा चेहरा उतरला, ओठ पांढरे पडले. मी शेजारी बसलो. काठ मागं गेला, पाण्याचा रंग गडद झाला. त्यांनी एकदाही बाजूला पाहिलं नाही. बरोबर मध्यावर आल्यावर विचारलं, “हितंच बंद पडली होती?”

“हितंच,” काशिनाथ म्हणाला.

“पाणी ओढायचा कॉक अर्धा बंद कर.”

काशिनाथ त्यांच्याकडं बघत राहिला. त्याला त्या दिवसाची आठवण झाली असणार, मलाही झाली. “ताई, काठाजवळ करू ना.”

“काठाजवळ कोणाचं काय अडलंय? कर. मी हाय.”

त्यानं कॉक फिरवला. आकडा चढू लागला. सत्तर, पंचाहत्तर. इंजिनाचा आवाज अगदी नेहमीचा. कानाला काहीच कळत नव्हतं. ऐंशी. ताईंची नजर हलत नव्हती. नव्वद. काशिनाथचा हात कॉकवर. पंच्याण्णवला भोंगा किंचाळला. त्यानं कॉक पुरता उघडला. थोडा वेळ आकडा तिथंच रेंगाळला, मग एकेक करत उतरायला लागला. तो सत्तरच्या खाली आल्यावर ताईंनी सुस्कारा टाकला आणि पहिल्यांदा मान वळवून सभोवार पसरलेल्या पाण्याकडं पाहिलं.

“केवढं हाय रे हे,” त्या म्हणाल्या. आणि मग काशिनाथला, “होडी, आता बसव तुझ्या बाया.”

त्या पावसाळ्यात भोंगा एकदा खराखुरा वाजला. होडीत त्या तिघींपैकीच एक होती. काशिनाथनं लगेच इंजिन थांबवलं, गाळणीतलं गवत काढलं आणि पुन्हा निघाला. आम्ही वेळेत पोचलो. मुलगी झाली, रडतच जन्माला आली. मी संध्याकाळी दुकानात जाऊन ताईंना हे सांगितलं. मला वाटलं होतं त्या काहीतरी म्हणतील. त्यांनी विचारलं, “कितीला वाजला?”

“पंच्याण्णवला.”

“हं,” त्या म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला. व्हार्निश डोळ्यात गेलं म्हणाल्या. त्या दिवशी दुकानात व्हार्निशचा डबा उघडलेला नव्हता.

पुढं माझी बदली झाली. बदलीनंतर वर्षभरात काशिनाथचा फोन आला की ताई गेल्या. नाशिकला दवाखान्यात नेलं होतं, फार दिवस काढले नाहीत. त्यामुळं जव्हार सोडलं त्या सकाळचीच त्यांची शेवटची आठवण माझ्यापाशी आहे.

सामान टेम्पोतून पुढं गेलं होतं. बायको एसटीत जागा धरून बसली होती. मी निरोप घ्यायला दुकानात गेलो. टेबलावर सौर पंपाचा कसलासा नवा डबा उघडून ठेवलेला, त्याचं पोट बाहेर आलेलं. ताई माझ्याकडं पाठ करून त्यावर वाकल्या होत्या. एका हातात मिटर, फोन कान आणि खांद्यामध्ये धरलेला. फोनवर कोण होतं कोण जाणे. “हां, तांबडी पाहिली. आता पुढची सांग.”

“ताई, निघतो मी,” मी म्हणालो.

त्यांनी मागं न बघता हात वर केला. थांब, असा. मी थांबलो. तिकडं स्टँडवरून गाडीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. मी आणखी थोडा थांबलो आणि मग धावत सुटलो.

गाडी बाजारातून वळली तेव्हा खिडकीतून दुकान दिसलं. ताई तशाच वाकलेल्या होत्या आणि त्यांचा हात अजून वरच होता.